झाकण्याआधी दाबून पाहा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



आमच्या लहानपणी जून महिन्यात घरात एक छोटा सोहळा असायचा. नव्या कोऱ्या पुस्तकांचा वास, खाकी कागदाची गुंडाळी, कात्री, खळीची वाटी आणि जमिनीवर मांडी घालून बसलेले वडील. पुस्तक कागदावर ठेवायचं, चारी बाजूंनी दोन बोटं कागद जास्त ठेवायचा, कण्याच्या वर आणि खाली तिरकी चीर द्यायची आणि कोपरे आत दुमडायचे. थोरल्या भावाची जुनी पुस्तकं मला यायची. त्यांनाही कव्हर असायचं. पण जुन्या पुस्तकाच्या बाबतीत वडिलांचा एक नियम होता. ते म्हणायचे, "आधी सुटी पानं चिकटव. कव्हर मग."

मला घाई असायची. कव्हर घातलं की पुस्तक नवं दिसतं, मग आतली पानं कोण बघतंय? पण वडील ऐकायचे नाहीत.

ही आठवण सांगायचं कारण आजचा विषय. घरातली जुनी कपाटं, टेबलं, फळ्या, स्वयंपाकघरातली दारं यांना मागे डिंक लावलेला रंगीत कागद चिकटवून थोड्या खर्चात नवं रूप कसं द्यायचं, याबद्दल मी बोलणार आहे. बाजारात याला कुणी स्टिकर म्हणतं, कुणी वॉलपेपर, कुणी विनाइल शीट. आपण म्हणतो कागद, पण बहुतेक वेळा तो पीव्हीसी प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा असतो. त्यावर सागवानाच्या रेषा छापलेल्या असतात किंवा संगमरवराच्या छटा. मागचं पांढरं अस्तर सोलायचं आणि चिकटवायचं, एवढंच काम आहे असं दुकानदार सांगतो. ते तेवढंच नाही, हे मी स्वतःच्या खर्चानं शिकले. माझ्या आणि खालच्या मजल्यावरच्या आजींच्याही खर्चानं म्हणायला हवं. ती गोष्ट पुढे येईलच.

झाकण्याची हौस आपल्याला नवी नाही. मांडणीच्या फळ्यांवर वर्तमानपत्र घालून पुढच्या लोंबत्या कडेला कात्रीनं नक्षी कापणाऱ्या आया आणि मावश्या आपण पाहिल्या आहेत. जेवणाच्या टेबलावर मेणकापड आलं, लोखंडी ट्रंकेवर भरतकामाचा अभ्रा आला. मग घरोघरी सनमायका आला. तो मात्र सुताराचं काम. करवतीनं कापायचा, फेविकॉल लावायचा, वर वजन ठेवून रात्रभर दाबायचा. चिकटणाऱ्या कागदानं हे काम सुताराच्या हातून काढून आपल्या हातात दिलं. हातात कात्री धरता येणारा कुणीही ते करू शकतो. म्हणून ते स्वस्त आहे आणि म्हणूनच ते फसतंही.

आता माझी गोष्ट. आमच्या फ्लॅटमधलं स्वयंपाकघर पंचवीस वर्षांचं झालं होतं. ओट्याखालच्या कपाटांची दारं प्लायवूडची. त्यांचा सनमायका कोपऱ्यांवर उडालेला, रंग विटलेला. नवीन करायचं म्हणून आम्ही पैसे बाजूला टाकत होतो. पण २०१६ मध्ये आमच्या ह्यांचं हृदयाचं ऑपरेशन झालं आणि ते पैसे तिकडे गेले. त्याची खंत नाही. माणूस घरी आला, स्वयंपाकघर कुठे पळून चाललं होतं? पण २०१७ च्या मे महिन्यात मुलीला बघायला पाहुणे येणार असं ठरलं आणि माझी नजर एकदम त्या दारांवर गेली. रोज दिसणारी दारं त्या दिवशी पाहुण्यांच्या डोळ्यांनी दिसायला लागली.

सुतारानं अंदाज दिला पासष्ट हजारांचा. मी बाजारात गेले आणि नऊशे रुपयांत लाकडी रेषांच्या कागदाची गुंडाळी घेऊन आले. दोन दुपारींत सहाही दारं मढवली. पुस्तकांना कव्हरं घालायचा हात होताच. दारं अशी दिसायला लागली की शेजारणी बघायला आल्या.

त्या सहा दारांपैकी एक सिंकखालचं. त्याची खालची कड फुगलेली होती. प्लायवूडला पाणी लागलं की त्याचे थर सुटतात आणि कड पुरीसारखी फुगते, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. मी काय केलं? कड थोडी घासली आणि तिच्यावरून कागद घट्ट ओढून मागे दुमडला. फुगवटा दिसेनासा झाला. खालच्या फळीवर काळसर डाग होता, तिथंही उरलेला तुकडा चिकटवून टाकला. खरं तर आतून थोडा कुबट वासही येत होता. तिथे एक कापराची वडी ठेवली.

पाहुणे आले, चहापोहे झाले. लग्नही जमलं. स्वयंपाकघराकडे पाहुण्यांनी ढुंकूनही पाहिलं नव्हतं, ते पुढे व्याह्यांशी गप्पा मारताना कळलं.

२०१८ च्या फेब्रुवारीत खालच्या मजल्यावरच्या आजी वर आल्या. ऐंशीच्या पुढे वय, एकट्या राहणाऱ्या. जिन्याचा कठडा धरत धरत आल्या होत्या. म्हणाल्या, "बाई, रागावू नकोस, पण तुझ्या स्वयंपाकघरात काही गळतंय का बघ. माझ्या छताला ओल आलीय. महिनाभर वाट पाहिली. म्हटलं, तुमच्याकडे आजारपण, उगाच कशाला त्रास द्यायचा."

मी सिंकखालचं दार उघडलं. वरून सगळं छान, कोरडं. आजी म्हणाल्या म्हणून फळीवर बोट दाबून पाहिलं, तर बोट आत गेलं. कागद तसाच ताणलेला आणि खाली प्लायवूडचा ओला भुगा. सिंकच्या सांडपाण्याच्या नळीचा सांधा सैल झाला होता. त्यातून थेंब थेंब पाणी फळीच्या मागच्या बाजूनं झिरपत होतं. कागदावर पाणी दिसत नव्हतं, कारण ते कागदाच्या खाली होतं. पीव्हीसीच्या पापुद्र्यातून वाफ बाहेर जात नाही. कागद नसता तर डाग मोठा होताना दिसला असता, फळी अधूनमधून वाळली असती, वास आला असता. मी नऊशे रुपयांत ते सगळे इशारे बंद करून टाकले होते.

नळ दुरुस्त करणारा आला. त्याचं काम दहा मिनिटांचं. सुतारानं एक दार आणि खालची फळी बदलली, चार हजार रुपये. आजींच्या छताचा गिलावा आणि रंग, तीन हजार. त्या पैसे घेऊ द्यायला तयार नव्हत्या, पण ते आमचंच देणं होतं. पैशांचं सोडा. एक म्हातारी बाई महिनाभर ओल्या छताखाली स्वयंपाक करत होती, आमची अडचण समजून गप्प बसली होती, आणि मी वर दारांचं कौतुक करून घेत होते. ती गोष्ट आजही मनाला लागते. वडिलांचं वाक्य त्या दिवशी आठवलं. सुटी पानं आधी.

म्हणून श्रोतेहो, या कागदाबद्दल पहिली गोष्ट सांगते ती हीच. जुनं झालेलं खुशाल झाका. आजारी असलेलं झाकू नका. आणि दोन्हींतला फरक ओळखायला तज्ज्ञ लागत नाही. अंगठ्यानं दाबून पाहा, विशेषतः खालच्या कडा, सिंकजवळचा भाग आणि बाहेरच्या भिंतीला टेकलेली कपाटं. लाकूड दबलं तर ते सडलेलं आहे. बोटाच्या पेरानं ठोकून पाहा. पोकळ आवाज आला, किंवा मातीची बारीक रेघ वर चढताना दिसली, तर वाळवी असू शकते. टाचणीच्या टोकाएवढी भोकं आणि खाली पिठासारखा भुगा दिसला तर लाकूड पोखरणारा किडा आहे. त्याचा बंदोबस्त आधी. शेवटी वास घ्या. कुबट वास आला तर ओल कुठून येते ते शोधल्याशिवाय कागदाची गुंडाळी उघडू नका.

प्लायवूडबद्दल एक माहिती उपयोगी पडेल. भारतीय मानकांप्रमाणे साधारण वापराच्या प्लायवूडला आयएस ३०३ हा क्रमांक आहे आणि मरीन प्लायवूडला आयएस ७१०. साध्यातल्या एमआर प्रकाराचा अर्थ दमटपणा सहन करणारं, पाण्यात टिकणारं नव्हे. अनेक जण त्याला वॉटरप्रूफ समजतात. सिंकखालची फळी बदलायची वेळ आली तर तेवढी एक फळी तरी ७१० ची घ्यावी. आम्ही तशी घेतली.

आता हा कागद चिकटतो कसा, ते थोडं समजून घेऊ. कारण ते कळलं की निम्म्या चुका आपोआप टळतात. फेविकॉलमधलं पाणी लाकडात आणि हवेत निघून जातं आणि मग तो घट्ट होतो. स्टिकरच्या मागचा डिंक मात्र पूर्ण घट्ट कधीच होत नाही. तो कायम दाट काकवीसारखा राहतो. दाब दिला की डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक खाचांमध्ये तो सावकाश उतरतो आणि पकड घेतो. म्हणून पहिल्या तासापेक्षा दुसऱ्या दिवशी तो जास्त घट्ट बसलेला असतो. पण पृष्ठभागावर धूळ असेल तर तो धुळीला चिकटतो आणि तेलाचा थर असेल तर तेलाला. मग लोक म्हणतात, कागद वाईट निघाला. मागच्या अस्तराला सिलिकॉनचा लेप असतो, त्यामुळे ते सहज सुटून येतं.

या डिंकाची गोष्टही रंजक आहे. १९२० च्या दशकात अमेरिकेतल्या सेंट पॉल शहरात रिचर्ड ड्रू नावाचा तरुण काचकागद बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरीला होता. तीच कंपनी आज थ्री एम म्हणून ओळखली जाते. मोटारी रंगवणाऱ्या कारखान्यात तो काचकागदाचे नमुने घेऊन जायचा. त्या काळी दोन रंगांच्या मोटारींची टूम होती. एक रंग देताना दुसरा भाग कागद चिकटवून झाकत, आणि कागद काढताना त्याबरोबर नवा रंगही निघून येई. रंगारी वैतागत. ड्रूनं १९२५ मध्ये अशी पट्टी तयार केली की जी धरून ठेवते पण निघताना रंग ओरबाडत नाही. तीच मास्किंग टेप. पुढे १९३५ मध्ये स्टँटन एव्हरी यांनी सोलून चिकटवायची लेबलं बाजारात आणली. आपल्या कपाटावरचा कागद याच कुळातला. चिकटणं सोपं होतं, नुकसान न करता निघणं अवघड होतं. हे लक्षात ठेवा, भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना ते पुढे कामाला येईल.

२०१८ च्या नोव्हेंबरात, दिवाळी झाल्यावर, मी पुन्हा कागद लावला. या वेळी मुलगी आणि जावई मदतीला होते. पावसाळ्यात हे काम करू नये. लाकडात दमटपणा असतो आणि तो आत कोंडला जातो. दिवाळीनंतरची कोरडी हवा उत्तम.

आधी मापं. बाजारातल्या गुंडाळ्या बहुधा ४५ किंवा ६० सेंटिमीटर रुंदीच्या असतात. आमचं एक दार १८ इंच रुंद आणि २४ इंच उंच. मागे दुमडायला चारी बाजूंनी दोन दोन इंच धरले की तुकडा होतो २२ बाय २८ इंचांचा. २२ इंच म्हणजे ५६ सेंटिमीटर, ते ६० च्या रुंदीत बसतात. २८ इंच म्हणजे ७१ सेंटिमीटर. सहा दारांना सव्वाचार मीटरच्या वर थोडा कागद लागतो, म्हणजे पाच मीटरची एक गुंडाळी पुरते. हा हिशेब दुकानात जाण्याआधी करा. लाकडी रेषांचा कागद असेल तर सगळ्या दारांवर रेषा एकाच दिशेनं जायला हव्यात. आडवे-उभे तुकडे जोडून कागद वाचवायला गेलात तर ती काटकसर रोज डोळ्यांना खुपेल.

मग दारं उतरवली. मुठी आणि बिजागऱ्या काढून प्रत्येक दाराचे स्क्रू वेगळ्या वाटीत ठेवले. दार जागेवरच ठेवून कागद लावता येतो, पण कडा नीट दुमडत नाहीत. त्यानंतर सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम, स्वच्छता. आपल्या स्वयंपाकघरात रोज फोडण्या होतात. दारांवर तेलाचा जो चिकट थर बसतो, तो ओल्या फडक्यानं निघत नाही. कोमट पाण्यात धुण्याचा सोडा घालून घासलं, मग दोनदा साध्या पाण्यानं पुसलं आणि रात्रभर वाळू दिलं. सोड्याच्या पाण्यात हात घालताना रबरी मोजे घाला. उडालेल्या सनमायकाच्या खड्ड्यांत लांबी भरली, वाळल्यावर बारीक काचकागदानं घासली, धूळ पुसली. कागद पातळ असतो. खाली राहिलेला साखरेचा दाणासुद्धा वर फोडासारखा दिसतो.

उघड्या लाकडावर कागद थेट लावू नका. लाकूड डिंक शोषून घेतं आणि पकड कमी होते. प्रायमरचा एक हात द्यावा. भिंतीला साधा डिस्टेंपर असेल तर कागद लावण्याचा विचार सोडा. तो डिस्टेंपरसकट खाली येईल.

चिकटवताना सगळं अस्तर एकदम सोलायचं नाही. वरचं चार बोटं अस्तर काढायचं, कड सरळ बसवायची आणि मग एकानं अस्तर खाली ओढत जायचं, दुसऱ्यानं मध्यापासून कडांकडे दाबत जायचं. दाबायला मऊ फडक्यात गुंडाळलेलं जुनं प्लॅस्टिकचं कार्ड चालतं. सनमायका, काच किंवा लोखंडी कपाट असेल तर भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाकलेलं पाणी आधी हलकंसं फवारा. कागद सरकवून जागेवर आणता येतो, मग पाणी दाबून बाहेर काढायचं. लाकडावर आणि प्लायवूडच्या उघड्या कडांवर मात्र पाण्याचा हा प्रयोग नको. हवेचा बुडबुडा राहिलाच तर सुईनं टोचून हवा त्या भोकाकडे ढकला. कोपऱ्यावर केस वाळवायच्या यंत्राची जराशी ऊब दिली की कागद मऊ होतो आणि पुस्तकाच्या कव्हरासारखा दुमडतो. फार तापवलात तर रेषा ताणल्या जातात.

दोन तुकडे जोडायची वेळ आली तर आपली कौलं आठवा. वरचं कौल खालच्यावर येतं, म्हणून पाणी आत जात नाही. तसा वरचा तुकडा खालच्यावर दोन-तीन मिलिमीटर येऊ द्या.

आता ओट्याबद्दल, कारण हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. ओट्यावर संगमरवरी कागद लावावा का? माझं उत्तर, शेगडीच्या आसपास मुळीच नाही. पीव्हीसी उष्णतेनं लवकर मऊ पडतं. कुकरच्या आत वाफ साधारण १२० अंशांपर्यंत जाते आणि फोडणीची लोखंडी कढई त्याहून कितीतरी गरम. असं भांडं कागदावर टेकवलं की वर्तुळ कायमचं उमटतं. शिवाय हे प्लॅस्टिक जळलं तर त्याचा धूर डोळ्यांना आणि छातीला झोंबतो. शेगडीमागच्या भिंतीसाठी ॲल्युमिनियमचा चकचकीत कागद मिळतो. तो उष्णता सोसतो, पण ॲल्युमिनियममधून वीज वाहते. मिक्सर लावायच्या बटणांच्या पाटीजवळ तो अजिबात नेऊ नका.

तुमचा ओटा कडप्प्याचा असेल तर आणखी एक गोष्ट. कडप्पा हा चुनखडीच्या जातीचा दगड. लिंबू, चिंच, कोकमाचं आगळ सांडलं की त्याची झिलई जाते आणि पांढुरके डाग पडतात. ग्रॅनाइटचं तसं होत नाही. पण डाग पडला म्हणून दगड बाद झाला नाही. दगडाला पॉलिश करणारा कारागीर बोलावला तर तो ओटा पुन्हा उजळतो, आणि तो पुढे कागदापेक्षा जास्त टिकतो. ज्या वस्तूला स्वतःचं रूप परत मिळू शकतं, तिला कागदाचं रूप कशाला?

हीच गोष्ट सागवानी वस्तूंची. आजीचा चौरंग, जुना देव्हारा, आरामखुर्ची यांना कागद लावू नका. आणि त्या स्पिरिटनं पुसूही नका, कारण जुनं फ्रेंच पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख. स्पिरिट लागताच ते पुन्हा विरघळतं.

मग कागद शोभतो कुठे? अभ्यासाच्या टेबलावर, पुस्तकांच्या फळ्यांवर, गंजाची पुटं घासून प्रायमर दिलेल्या लोखंडी कपाटावर, कपाटाच्या दारांवर. जेवणाच्या टेबलावरही चालतो, पण गरम पातेल्याखाली अडणी हवी. सुरी चालवायला पाट हवा, कणीक परातीत आणि पोळी पोळपाटावर. रंग निवडताना हळदीचा विचार करा. पांढऱ्या कागदावर हळदीचं बोट लागलं की ते साबणानं जात नाही. हळदीचा डाग उन्हात फिका पडतो हे खरं, पण दार उन्हात कोण ठेवणार?

भाड्याच्या घरात असाल तर आधी घरमालकांना विचारा. एका कोपऱ्यात छोटा तुकडा लावून आठवडाभरानं काढून पाहा. काढताना ऊब द्या आणि कागद आपल्याकडे न ओढता पृष्ठभागालगत मागे दुमडत सावकाश सोला. राहिलेला चिकटा खोबरेल तेल चोळून दहा मिनिटं ठेवला की सुटतो. मग साबणाच्या पाण्यानं पुसा. ड्रूच्या मोटारीसारखा खालचा रंग निघून यायला नको.

दुसऱ्या वेळचा माझा एकूण खर्च अठराशे रुपये झाला. कागद, लांबी, काचकागद, कटर, सगळं धरून. त्या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. शेगडीजवळच्या दाराची कड एकदा सुटली, ती मी बदलली. बाकी दारं अजून चांगली आहेत. पाहुणे आले तर विचारतात, सुतार कोण होता?

पण सिंकखालच्या कपाटात आतून मी कागद लावलेला नाही. ती फळी उघडी ठेवली आहे, साधा रंग दिलेली, काहीशी ओबडधोबड. महिन्यातून एकदा आतले डबे बाहेर काढते, फळीवरून आणि नळीच्या सांध्यावरून कोरडा हात फिरवते. दोन मिनिटांचं काम आहे. तुम्हीही आज भाषण संपल्यावर तेवढं करून पाहा. कागद आणायचा की नाही, ते मग ठरवा.

आणि मी कधी विसरलेच, तरी आठवण करून द्यायला आजी आहेत. पावसाळा सुरू झाला की जिन्यात भेटतात तेव्हा मिश्कीलपणे विचारतात, "काय ग, तुझं कपाट कोरडं आहे ना?" मी होय म्हणते आणि घरी आल्यावर चप्पल काढायच्या आधी सिंकखाली हात घालून बघते.